जन्मजात स्तनदोष : शस्त्रक्रिया कोणत्या, कधी करायच्या आणि समुद्रपूरच्या मुलीने जायचे कुठे?

मुलगी बारा-तेरा वर्षांची होते, अंगात बदल सुरू होतात. काही मुलींच्या बाबतीत मात्र एकाच बाजूची वाढ होते आणि दुसरी बाजू सपाट राहते. कुणाच्या काखेत मऊ गाठ दिसू लागते, कुणाचे निपल आतच ओढलेले असते. मुलगी ओढणी घट्ट लपेटते, शाळेच्या कवायतीला दांडी मारते आणि कुणालाच काही सांगत नाही. आईच्या लक्षात आले तरी 'लग्नानंतर होईल नीट' म्हणून विषय मिटवला जातो. डॉक्टरांकडे जायचे ठरते ते बहुतेक वेळा लग्न जुळताना, नाहीतर बाळ अंगावर दूध ओढत नाही तेव्हा.

यातल्या बऱ्याच दोषांवर चांगले उपचार आहेत. काहींना उपचारांची गरजही नसते. कोणता दोष कशामुळे होतो, कोणती शस्त्रक्रिया कधी करतात, तिच्या मर्यादा काय आणि वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरसारख्या तालुक्यातून नेमके कुठे जायचे, ते समजून घेऊया.

आधी हे पाहा : काय नॉर्मल आहे?

दोन्ही स्तन अगदी सारखे असलेली स्त्री शोधूनही सापडणे कठीण. थोडा फरक जवळजवळ सगळ्यांमध्ये असतो. वाढीच्या वयात एक बाजू आधी आणि दुसरी काही महिन्यांनी वाढू लागणे हेही नेहमीचेच. सुरुवातीला निपलच्या मागे बटणासारखी, दाबल्यावर दुखणारी गाठ लागते. ती म्हणजे स्तनाची कळी. तिलाच रोग समजून घाबरू नये.

डॉक्टरांना दाखवावे अशी लक्षणे ही :

- एका बाजूची वाढ सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झाले, तरी दुसरी बाजू सपाटच आहे.
- वयाची तेरा वर्षे पूर्ण झाली, तरी दोन्ही बाजूंना वाढीची सुरुवातच नाही.
- एका बाजूची छाती आत दबलेली आहे किंवा त्याच बाजूच्या हाताची बोटे आखूड अथवा जुळलेली आहेत.
- काही महिन्यांतच स्तन अतिशय वेगाने आणि प्रचंड वाढले आहेत.
- आधी बाहेर असलेले निपल मोठ्या वयात अचानक आत ओढले गेले आहे. हा जन्मजात दोष नव्हे. कर्करोग नाही ना, याची तपासणी लगेच करून घ्यावी.

हे दोष होतात कसे?

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना त्याच्या अंगावर काखेपासून जांघेपर्यंत दोन उभ्या रेषा तयार होतात. त्यांना दुग्धरेषा म्हणतात. पुढे छातीवरचा भाग तेवढा टिकतो आणि बाकीची रेषा विरून जाते. रेषेचा भाग विरायचा राहिला, तर त्या जागी जादा निपल किंवा जादा स्तनग्रंथी राहते. छातीवरचा भागच नाहीसा झाला, तर स्तन तयार होत नाही. ग्रहणात काही कापले, गरोदरपणात अमुक खाल्ले, कुणाची नजर लागली, अशा कारणांचा याच्याशी काहीही संबंध नाही. आईला दोष देण्याचे कारण नाही.

मुख्य प्रकार असे :

स्तनाचा अभाव. निपल आणि ग्रंथी दोन्ही नसणे याला अमॅस्टिया म्हणतात. निपल आहे पण ग्रंथी नाही, तर अमॅझिया. दोन्ही दुर्मिळ आहेत.

पोलंड सिंड्रोम. याचा पोलंड देशाशी संबंध नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकणाऱ्या आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ मध्ये एका मृतदेहाच्या विच्छेदनात छातीचे स्नायू एका बाजूला नसल्याची नोंद केली होती. १९६२ मध्ये पॅट्रिक क्लार्कसन या सर्जनने या विकाराला त्यांचे नाव दिले. यात एका बाजूचा छातीचा मोठा स्नायू अर्धवट किंवा पूर्ण गायब असतो. त्या बाजूचा स्तन लहान असतो किंवा नसतोच, काखेतले केस विरळ असतात, काहींच्या बरगड्या कमी असतात आणि बोटे जुळलेली असतात. साधारण तीस हजारांत एकाला हा दोष असतो असे मानले जाते. उजवी बाजू जास्त वेळा बाधित होते. हा दोष मुलांमध्येही आढळतो.

ट्यूबरस ब्रेस्ट. हा प्रकार बराच आढळतो, पण त्याचे नाव फार कुणाला ठाऊक नसते. स्तनाच्या बुडाशी तंतूंची घट्ट कडी असते. त्यामुळे स्तन गोल न पसरता नळीसारखा पुढे येतो, खालचा भाग भरत नाही आणि निपलभोवतीचा गडद भाग फुगून मोठा दिसतो. १९७६ मध्ये रीस आणि अ‍ॅस्टन या सर्जनांनी या दोषाचे वर्णन केले. 'माझे असे का?' म्हणून वर्षानुवर्षे कुढणाऱ्या अनेक मुलींना याला नाव आहे, उपचार आहे, हे कळल्यावरच निम्मा दिलासा मिळतो.

काखेतला जादा स्तन आणि जादा निपल. जादा निपल शंभरात एक ते पाच जणांना असते. ते अनेकदा तिळासारखे दिसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. काखेतली ग्रंथी पाळीच्या आधी दुखते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ती एकदम फुगते, कारण तिच्यातही दूध भरते.

आत ओढलेले निपल. काहींचे बोटाने बाहेर येते आणि टिकते, काहींचे येऊन परत आत जाते, तर काहींचे येतच नाही. उपचार या तीन पायऱ्यांवरून ठरतात.

अतिवाढ. वयात येताना काही महिन्यांतच स्तन अवाढव्य होतात. मान, पाठ आणि खांदे दुखतात, त्वचा ताणून फाटायला येते. ही वाढ जन्मापासून दिसत नाही, पण उपचार करणारे डॉक्टर तेच असतात.

जन्मजात वाटतो, पण आपणच ओढवून घेतो

स्तनाचा प्रत्येक दोष जन्मजात नसतो. यातले काही दोष टाळता येतात.

जन्मानंतर काही दिवसांत बाळाची छाती फुगते आणि कधी त्यातून दुधासारखा थेंब येतो. हे मुलगा आणि मुलगी दोघांनाही होते. आईची संप्रेरके बाळाच्या रक्तात उतरलेली असतात म्हणून असे होते आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मात्र आपल्याकडे न्हाऊ-माखू घालताना बाळाची छाती दाबून 'दूध काढण्याची' पद्धत अजून अनेक घरांत आहे. दाबल्याने जंतुसंसर्ग होतो, पू होतो, कधी चिरा द्यावा लागतो. त्यात स्तनाची कळी नष्ट झाली, तर तेरा-चौदा वर्षांनी त्या बाजूला स्तन वाढतच नाही. तेव्हा कारण कुणाला आठवतही नाही. बाळाची छाती दाबू नये. मालिश करणाऱ्या बाईलाही हे आधीच सांगून ठेवावे.

दुसरे कारण भाजणे. लहानपणी अंगावर गरम पाणी किंवा वरण सांडून छाती भाजली, तर व्रणाची घट्ट त्वचा वाढत्या स्तनाला जखडून ठेवते. तिसरे कारण म्हणजे लहान मुलीच्या निपलमागची गाठ 'काढून टाकणे'. ती गाठ म्हणजेच भावी स्तन असतो. लहान मुलीच्या छातीवर चिरा देण्याचा सल्ला मिळाला, तर आधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

शस्त्रक्रिया कधी करावी?

नियम सोपा आहे : वाढ पूर्ण होऊ द्यावी. साधारण अठरा वर्षांपर्यंत थांबतात आणि शेवटची काही महिने आकार बदललेला नाही ना, ते पाहतात. घाई केली तर एक बाजू दुरुस्त होते, दुसरी वाढत राहते आणि फरक पुन्हा दिसू लागतो. दुसरे कारण संमतीचे. आपल्या शरीराचे काय करायचे हा निर्णय मुलीने स्वतः समजून घ्यायला हवा. अठराच्या आत कायद्याने पालकांची संमती लागते, पण मुलीची इच्छा नसताना केवळ पालकांच्या हट्टासाठी ही शस्त्रक्रिया करू नये.

अपवाद आहेत. अतिवाढीमुळे त्वचेला जखमा होत असतील, भाजल्याचा व्रण वाढ रोखत असेल, पोलंड सिंड्रोममध्ये बोटे जुळलेली असतील, तर थांबायचे नसते. जुळलेली बोटे तर लहानपणीच सोडवतात. मोठा फरक असलेल्या काही मुलींमध्ये फुगवता येणारा एक्स्पांडर आधी बसवून दुसऱ्या बाजूच्या वाढीबरोबर तो हळूहळू भरतात.

तोपर्यंत काय? ब्रामध्ये बसणारे सिलिकॉनचे किंवा कापडी पॅड वापरता येते. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही आणि शाळा-कॉलेजची वर्षे निभावतात. काही जणी तेवढ्यावरच समाधानी राहतात. तोही पूर्णपणे योग्य निर्णय आहे.

शस्त्रक्रियेचे पर्याय

सिलिकॉन इम्प्लांट. स्तनाखाली किंवा छातीच्या स्नायूखाली सिलिकॉनची पिशवी बसवतात. जगातले पहिले सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवले गेले. शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते आणि आकार लगेच मिळतो. पण इम्प्लांट आयुष्यभराचे नसते. ते फाटू शकते, त्याभोवती कडक कवच तयार होऊ शकते, पुढे बदलावे लागू शकते. वीस वर्षांच्या मुलीने याचा अर्थ नीट समजून घ्यावा : पुढच्या आयुष्यात आणखी एक-दोन शस्त्रक्रिया. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा लसिकापेशींच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने अशी इम्प्लांट जगभरातून परत घेतली. म्हणून कोणत्या कंपनीचे, कोणत्या प्रकारचे इम्प्लांट बसवले त्याचे कार्ड मागून घ्यावे आणि जन्मभर जपून ठेवावे.

एक्स्पांडर, मग इम्प्लांट. त्वचा अपुरी असेल तर आधी रिकामी पिशवी बसवतात. काही आठवडे सुईने थोडे थोडे सलाईन भरून त्वचा ताणतात आणि मग कायमचे इम्प्लांट घालतात. यासाठी रुग्णालयात अनेक खेपा होतात. लांबून येणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावे.

पाठीचा स्नायू वळवणे. पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्सी हा रुंद स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट काखेखालून पुढे आणून छातीवर बसवतात. इटलीचे सर्जन तान्सिनी यांनी १९०६ मध्ये ही पद्धत मांडली. पोलंड सिंड्रोममध्ये ती फार उपयोगी आहे, कारण काखेपुढचा खड्डा भरतो आणि इम्प्लांट वापरलेच तर त्यावर आच्छादन मिळते. मात्र या विकारात कधी कधी पाठीचा हा स्नायूही अविकसित असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तो आहे का हे तपासावेच लागते. पाठीवर व्रण राहतो आणि काही काळ खांद्याची ताकद कमी वाटते. विळा-कुदळीचे काम करणाऱ्या मुलीने हे डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे.

पोटाची त्वचा आणि चरबी आणणे. कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवताना ही पद्धत जास्त वापरतात. तरुण, सडपातळ आणि पुढे बाळंतपण व्हायचे असलेल्या मुलीसाठी ती सहसा पहिली निवड नसते.

स्वतःची चरबी भरणे. पोट-मांड्यांतली चरबी नळीने काढून, स्वच्छ करून सुईने छातीत भरतात. मोठा व्रण नाही, परकी वस्तू नाही. पण भरलेल्या चरबीचा बराच भाग शरीर शोषून घेते. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा तरी करावे लागते. अंगात चरबीच नसेल तर पर्याय उरत नाही. क्वचित तेलकट गाठी होतात. पुढे कधी मॅमोग्राफी करायची झाल्यास 'चरबी भरली आहे' हे आठवणीने सांगावे.

ट्यूबरस ब्रेस्टची दुरुस्ती. निपलभोवतीच्या गडद भागाच्या कडेने चिरा देतात, बुडाची घट्ट कडी आतून चिरून मोकळी करतात, ग्रंथी पसरवतात, खालचा भाग इम्प्लांटने किंवा चरबीने भरतात आणि मोठा झालेला गडद भाग लहान करतात. नुसते इम्प्लांट घालून हा दोष जात नाही. कडी सोडवली नाही तर दोन उंचवटे दिसतात. म्हणून अनुभवी सर्जन महत्त्वाचा.

लहान करणे आणि उचलणे. फरक मोठा असेल तर लहान बाजू वाढवण्याऐवजी मोठी बाजू कमी करणे अनेकदा सोपे आणि टिकाऊ ठरते. जादा ग्रंथी, चरबी आणि त्वचा काढून निपल वर बसवतात. आपल्याच शरीराचा भाग असल्याने इम्प्लांटच्या कटकटी नसतात. व्रण राहतात, ते वर्षभरात फिके होतात. कोवळ्या वयातल्या अतिवाढीत मात्र पुन्हा वाढ होऊ शकते.

काखेतली ग्रंथी काढणे. दुखत असेल, हात खाली नीट टेकत नसेल तरच करावी. काखेच्या घडीत चिरा देऊन ग्रंथी काढतात. बाळंतपणानंतर फुगली असेल तर दाबून दूध काढू नये. त्याने ती आणखी भरते. थंड शेक द्यावा, काही दिवसांत ती ओसरते.

निपल बाहेर काढणे. इथे सबुरी हवी. घट्ट आत बसलेले निपल शस्त्रक्रियेने बाहेर येते, पण त्यात दूधनलिका कापल्या जाऊ शकतात. मूल व्हायचे असेल तर आधी साधे उपाय करावेत. बाळंतपणानंतर अनेक रुग्णालयांत सिरिंजचे टोक कापून, दट्ट्या उलट बाजूने घालून हलक्या ओढीने निपल बाहेर आणण्याची पद्धत परिचारिका शिकवतात. निपल सपाट असले तरी बाळ गडद भागासकट स्तन तोंडात घेते, म्हणून बऱ्याच आया यशस्वीपणे पाजू शकतात.

नवे निपल घडवणे. जिथे निपलच नाही तिथे आकार स्थिरावल्यावर स्थानिक त्वचेच्या घड्या करून ते उभारतात आणि गोंदवून रंग देतात. ही शेवटची पायरी असते.

बाळाला पाजता येईल का?

बहुतेक मुलींचा हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो. ज्या बाजूला ग्रंथीच नाही, तिथे शस्त्रक्रियेने आकार येतो, दूध येत नाही. पण निरोगी असलेला एक स्तनही अनेक बाळांना पुरतो. ट्यूबरस ब्रेस्टमध्ये दूध कमी पडू शकते, त्यामुळे बाळाच्या वजनावर लक्ष ठेवावे. इम्प्लांट असले तरी पाजता येते. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत निपलचा ग्रंथीशी संबंध कायम ठेवला असेल तर शक्यता चांगली राहते, पण खात्री देता येत नाही. हे सगळे शस्त्रक्रियेआधी विचारावे.

मुलांचे काय?

वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांची छाती थोडी फुगते. दीड-दोन वर्षांत ती बहुधा जाते. तोवर चिडवणे थांबवणे हाच उपचार. टिकून राहिली तर आधी औषधे, व्यायामशाळेतली पावडर-इंजेक्शने आणि संप्रेरके तपासतात. मग गरज असल्यास चरबी शोषून ग्रंथी काढतात.

समुद्रपूरहून कुठे जायचे?

पहिली पायरी गावातच आहे. आशाताईंशी बोलावे किंवा समुद्रपूरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडी आणि शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मदोष तपासतात आणि पुढे पाठवतात. जुळलेली बोटे किंवा दबलेली छाती तिथेच लक्षात येऊ शकते.

पुढे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय किंवा जामच्या चौरस्त्यावरून थेट नागपूर. नागपूरचे नाव या विषयात विशेष आहे. १९५८ मध्ये तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या वर्गीकरणाची त्यांची पद्धत आजही 'नागपूर वर्गीकरण' म्हणून शिकवली जाते. प्लास्टिक सर्जरी म्हणजे मुंबईच्या नट्यांचे काम, हा समज असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे : विदर्भात हे शास्त्र सरकारी दवाखान्यात रुजले.

खर्चाचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते ठरावीक उपचारांसाठीच. आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे. खासगी विमा घेतला असेल तर बाहेरून दिसणारे जन्मदोष आणि सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया अनेक पॉलिसींत वगळलेली असते. म्हणून कागदपत्रांत डॉक्टरांकडून विकाराचे नेमके नाव आणि होणारा त्रास लिहून घ्यावा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

- तुम्ही प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहात का? अशा किती केसेस केल्या?
- किती टप्पे लागतील, किती महिन्यांत?
- व्रण कुठे राहतील? पाजण्यावर काय परिणाम होईल?
- काहीच केले नाही तर काय होईल?
- माझे फोटो कोण पाहणार, कुठे ठेवणार?

तपासणीच्या वेळी सोबत स्त्री परिचारिका किंवा नातेवाईक असावी, हा तुमचा हक्क आहे. मागायला संकोच करू नये.

शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे आधार देणारी ब्रा घालावी लागते आणि जड काम टाळावे लागते. विहिरीचे पाणी ओढणे, कापसाचे गाठोडे उचलणे, सोयाबीन सोंगणे बंद. म्हणून हंगाम पाहून तारीख घेतलेली बरी. ताप, एका बाजूला वाढती सूज, लाली किंवा पू दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आणि लग्न?

'तारीख ठरलीय, त्याआधी उरका' अशी घाई अनेक घरांत होते. पण टप्प्याटप्प्याच्या शस्त्रक्रियेला सहा महिने ते वर्ष सहज लागते, व्रण मऊ व्हायलाही तेवढाच वेळ जातो. तेव्हा लग्नाच्या तारखेवरून शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये. हे दोष असलेल्या मुलीचा संसार, पाळी, गर्भधारणा यांत सहसा कोणतीही अडचण नसते. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे शेवटी तिनेच ठरवायचे. ठरवता यावे म्हणून माहिती मात्र तिच्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवी. त्याची सुरुवात आईने मोकळेपणाने विचारलेल्या एका प्रश्नानेही होऊ शकते.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारांचा निर्णय प्रत्यक्ष तपासणीनंतर तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.